बर्फ कोणाचा, तेही लिहून ठेवा

दिनांक ६ मे २०२४, सोमवार. आकाश निरभ्र, वारा नाही. दारामागच्या थर्मामीटरमध्ये सकाळी सव्वापाचला एकतीस अंश.

त्यानंतर तासाभरानं मी मूर्तिजापूर स्टेशनच्या फलाटावर एका नायलॉनच्या पिशवीत उभा होतो. माझ्या पोटात बर्फ होता, बर्फात स्टीलची एक डबी होती आणि डबीत बकऱ्याच्या नाकातला पातळ पडदा होता. अंगठ्याच्या दोन नखांएवढा. त्या दिवशी काय झालं ते मला सांगायचं आहे. पण आधी मी कोण हे सांगायला हवं.

मी एक थर्मास आहे. एक लिटरचा. बाहेरून निळा पत्रा, त्यावर पांढरी फुलं, त्यातली दोन घासून गेलेली. पोटात काच. ती काच दुहेरी आहे आणि दोन भिंतींच्या मध्ये काही नाही, हवासुद्धा काढून घेतलेली आहे. त्यामुळे बाहेरचं आत येत नाही आणि आतलं बाहेर जात नाही. चहा ठेवला तर मी चहाएवढा गरम, बर्फ ठेवला तर बर्फाएवढा गार, रिकामा असलो तर काहीच नाही. बाहेर चाललेलं मला दिसतं, ऐकू येतं, जाणवत नाही. घडणच तशी आहे. त्याची मला खंत नाही.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. आठवण सुरू होते ती अकोल्याच्या एका भांड्यांच्या दुकानातल्या फळीवरून. २००५ सालच्या ऑगस्टमध्ये शालिकराम नावाच्या माणसानं मला विकत घेतलं. दुकानदारानं माझ्यात उकळतं पाणी ओतून दाखवलं. शालिकरामनं बाहेरून हात लावून पाहिला.

"आत उकळून राहिलं अन् वरून पत्ताच नाई," तो म्हणाला.

त्याची बायको मनकर्णाबाई अकोल्यातल्या एका दवाखान्यात बाळंत झाली होती. मुलगी झाली होती. तिच्यासाठी गरम पाणी न्यायला मी हवा होतो. मुलीचं नाव करिश्मा ठेवलं. आठ दिवसांनी आम्ही चौघं मूर्तिजापूरला आलो. तिथं त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे आणि मागे भाजीचा मळा आहे. मनकर्णाबाई काकडी, पालक, कोथिंबीर लावते आणि बाजारात विकते.

करिश्मा बोलायला लागली तेव्हा तिला माझा एक खेळ सापडला. ती माझं बूच काढायची, तोंड लावायची आणि स्वतःचं नाव घ्यायची. माझ्या पोकळीतून ते नाव फिरून बाहेर यायचं. ती हसायची आणि पुन्हा घ्यायची. "चाय ठेवाची हाय त्यात, थुका नको भरू," असं मनकर्णाबाई ओरडायची.

ती अकरा वर्षांची असताना, डिसेंबरात, शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी तिला पहिली फिट आली. मग मी पुन्हा अकोल्याला जाऊ लागलो, या वेळी चहा घेऊन, डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावर. डॉक्टरांनी शालिकरामला सांगितलं की एक वही ठेवा. फिट कधी आली, किती मिनिटं राहिली, त्या दिवशी झोप झाली होती का, हवा कशी होती, सगळं लिहा.

शालिकराम दहावीपर्यंत शिकलेला. सांगितलं त्यापेक्षा जास्तच लिहू लागला. दूध कोणाकडचं, गाडी किती उशिरा, भाजीत तिखट किती. एकही दिवस कोरा नाही. फिट आली नाही त्या दिवशीही तो लिहायचा, 'नाही.' ती वही आणि मी एकाच पिशवीत असायचो. तिथून पुढच्या माझ्या सगळ्या तारखा त्या वहीतल्या आहेत.

गोळ्यांनी फिटा कमी झाल्या. महिन्याला एक, कधी दोन. पण करिश्मा मंद झाली. पूर्वी ती काकड्या तोडता तोडता मोजायची आणि टोपली भरायच्या आत आकडा सांगायची. आता एक तोडायची आणि हातात धरून बसायची.

"पोरगी हाय का पुतळा, समजत नाई मले," मनकर्णाबाई एकदा म्हणाली.

करिश्मानं थोड्या वेळानं उत्तर दिलं. "मीच हावो ना, आई. फक्त लांब हावो."

शालिकरामनं त्या दिवशीच्या पानावर हे वाक्य लिहिलं आणि खाली नेहमीप्रमाणे तापमान लिहिलं.

तो अमरावतीला जाणाऱ्या बडनेरा रस्त्यावरच्या एका औषधनिर्माण महाविद्यालयात परिचर आहे. प्रयोगशाळा उघडणं, काचेची भांडी धुणं, पाणी गाळून ठेवणं ही त्याची कामं. रोज सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरतो आणि पुढे ऑटोनं जातो. दुपारच्या चहासाठी मी बरोबर असायचो. दोन वर्षांपूर्वी तिथं आकांक्षा नावाची मुलगी संशोधनासाठी आली. ती चांदूर रेल्वेची, वडिलांची शेती, घरात पहिलीच एवढी शिकलेली. तिची गाडी उशिरा पोचते, म्हणून तिच्या टेबलाची तयारी शालिकराम करून ठेवायचा. एकदा काच धुताना त्यानं विचारलं.

"मॅडम, तुमी नेमकं काय करून राहिल्या? औषध मेंदूचं अन् पुस्तकात चित्रं सगळी नाकाची."

"भाऊ, रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक पहारा असतो," ती म्हणाली. "मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची भिंतच तशी घट्ट विणलेली असते. भलतंसलतं आत जाऊ नये म्हणून. पण त्या पहाऱ्याला औषध ओळखता येत नाही. फिटांवरचं एक औषध आहे. त्यानं सुस्ती येत नाही असं दिसतंय. पण गोळी करून दिलं तर ते रक्तात येतं आणि मेंदूच्या दाराशीच अडतं. आत जातच नाही म्हटलं तरी चालेल."

"मंग काय कामाचं थे?"

"नाकाच्या अगदी वरच्या टोकाला मेंदूतून वासाच्या नसा उतरलेल्या असतात. ती आडवाट आहे. तिथं पोचलं तर रक्ताच्या वाटेनं जायची गरज नाही. म्हणून मी ते नाकात सोडायच्या थेंबात बसवतेय. बाहेर पाण्यासारखे पातळ, नाकाच्या उबेत घट्ट होऊन चिकटणारे. पण नाकातही पडदा आहेच. त्यातून किती पार होतं ते मोजायचं."

शालिकरामनं काच धुऊन उपडी घातली. "माह्या पोरीले फिटा येतात," तो म्हणाला. "गोळ्यांनं दिवसभर पेंगते. तिची झोप जाईन का ह्यानं?"

"आत्ता नाही सांगता येणार, भाऊ. आधी बकऱ्याचा पडदा, मग उंदीर, मग पुढचं पुढे. वर्षं जातात."

"जाऊ द्या. पडदा कोठून आणता?"

तिथंच तर अडलं होतं. गावात मुंडी विकतात ती भाजलेली. कापल्याबरोबर जाळावर धरून केस जाळतात, गिऱ्हाईकाला तशीच लागते. आणि जाळ लागला की नाकातला पडदा गेला. न भाजलेली मुंडी, तीही कापल्यापासून तासाभरात, आकांक्षाला कोणी देत नव्हतं. दोन ठिकाणी तर ती जादूटोणा करते की काय असं तिच्याकडे पाहिलं होतं.

"मूर्तिजापुरात किशोर खाटीक माह्या वर्गातला हाय," शालिकराम म्हणाला. "मी आणतो."

"पण थंड राहिला पाहिजे हं. बर्फात आणा."

असं माझं काम बदललं. मनकर्णाबाईला ते कळलं त्या सकाळी ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"लेकीच्या जन्माचा थर्मास हाय थो. त्यात बकऱ्याचं नाक नेता?"

"डबीत नेतो. डबी बंद राह्यते."

"डबी बंद राहो का उघडी राहो. आता त्यातली चाय तुमीच प्या अन् तुमच्या मॅडमले पाजा."

किशोर तर हसून बेजार झाला. "अबे, लोकं मुंडी नेतात, पाय नेतात. तू नुसतं नाक नेतं! बाकीचं बकरं काय वास न घेता जाईन का वर?" पण प्रयोगाच्या दिवशी तो पहिली मुंडी जाळावर न धरता बाजूला ठेवायचा आणि नाकातला पडद्याचा तुकडा स्वतः कापून द्यायचा. त्याच्या घरच्या फ्रिजमधले बर्फाचे तुकडे माझ्यात पडायचे.

प्रयोगशाळेत मी खिडकीच्या फळीवर असायचो. तिथून सगळं दिसायचं. आकांक्षा चिमट्यानं पडदा सोडवायची, सलाइनमध्ये धुवायची आणि काचेच्या दोन कुप्यांच्या मध्ये ताणून बसवायची. वरच्या कुपीत औषधाचे थेंब, खालच्या कुपीत अंगाइतकं गरम पाणी. दर तासाला ती खालून थोडं पाणी काढून त्यात किती औषध उतरलं ते यंत्रावर मोजायची. सहा तास. मधे पडदा, आणि दोन्ही बाजूंना वाट पाहणं. मला ते कळण्यासारखं होतं.

जानेवारीत तीन वेळा झालं. नुसतं औषध पाण्यात मिसळून ठेवलं तर सहा तासांत १८.४ टक्के पार जायचं. आकांक्षाच्या थेंबांतून ३०.८, ३३.१, ३१.६. तिचे मार्गदर्शक शेखर सर आकडे पाहून म्हणाले, "वाढलंय, पण पुरेसं नाही. पन्नासच्या वर नेलंत तर उंदरांवरच्या प्रयोगाच्या परवानगीची फाइल मी चौदा जूनला पाठवतो. त्याखाली पाठवली तर परत येईल."

त्या दिवसापासून शालिकरामच्या वहीत फिटांच्या नोंदीच्या खाली हे आकडेही येऊ लागले. मनकर्णाबाईला त्यानं समजावून सांगितलं, "पन्नास पाह्यजे." करिश्मानं ते ऐकलं. तिला फार गोष्टी लक्षात राहत नाहीत, हा आकडा राहिला. संध्याकाळी वडील घरी आले की ती विचारायची, "किती झाले?" आणि उत्तर ऐकून पुन्हा भिंतीला टेकायची.

आकांक्षानं फेब्रुवारी ते एप्रिल थेंबांचं मिश्रण बदललं. आता मी सहा मेवर येतो.

त्या आठवड्यात किशोरचा फ्रिज बंद पडला होता. मूर्तिजापुरात दिवसा बाहेर उभं राहवत नव्हतं. शालिकराम मला बर्फाशिवायच घेऊन स्टेशनवर आला आणि बंडू कुल्फीवाल्यापाशी थांबला. बंडू सकाळीच हंड्यात बर्फ फोडून भरत होता.

"बंडू, मुठभर बर्फ दे ना लेका. पडदा खराब होईन."

"कोनाचा पडदा? वहिनीचा?"

"बकऱ्याचा. दे लवकर, गाडी यून राहिली."

"हा घे. हंड्यातलाच घे, साध्यापेक्षा कडक हाय. मिठाचा हाय ना. याच्यात दूध दगड होते, तुह्या पडद्याची काय बिशाद?"

शालिकरामनं तो माझ्यात भरला. डबी मधोमध रोवली आणि बूच घट्ट लावलं. त्याला काळजी होती. काळजी असल्यामुळेच त्यानं जास्त कडक बर्फ निवडला.

माझ्या आत तेव्हा शून्याच्या खाली गेलं. माझ्या काचेत टिक् असा बारीक आवाज झाला. एकोणीस वर्षांत तसा आवाज झाला नव्हता. मला काय झालं ते समजलं होतं. मी काही केलं नाही. मला काही करता येत नाही.

सव्वाआठला शालिकरामनं प्रयोगशाळा उघडली आणि डबीचं झाकण काढलं. पडदा पापडासारखा कडक झाला होता.

"एकदम ताजा राह्यला," तो स्वतःशीच म्हणाला आणि डबी पाण्याच्या भांड्यात ठेवली. सव्वानऊला आकांक्षा आली तोवर पडदा मऊ झालेला होता. तिनं धुतला, ताणला, बसवला.

सहा तासांनी आकडा आला, ७१.२.

नऊ मेला पुन्हा बंडूचा बर्फ. ७४.५. तेरा मेला पुन्हा. ६९.९.

शेखर सरांनी यंत्र दोनदा तपासायला लावलं. यंत्र बरोबर होतं. आकांक्षा खुर्चीत बसून राहिली, मग उठून तिनं आईला फोन लावला आणि "आई, झालं," एवढंच म्हणाली. सरांनी पेढे मागवले. एक पेढा माझ्या बुचावर ठेवून शालिकराम म्हणाला, "याचाही हात हाय यात." सगळे हसले.

घरी त्यानं करिश्माला तिन्ही आकडे सांगितले. ती उठून बसली.

"पन्नासच्या वर हाय."

"हाय ना."

"मंग माह्या गोळ्या बंद होतीन?"

"येकदम नाई. आधी उंदरायले देतीन."

"मंग उंदरायनंतर?"

"मंग पाहू."

"बाबा, मी मोजलं. एकाहत्तर अन् चौऱ्याहत्तर अन् सत्तर. तिघायची सरासरी बहात्तरच्या जवळ येते." बऱ्याच दिवसांनी तिनं मोजलं होतं. मनकर्णाबाई पदर तोंडाला लावून मळ्यात गेली आणि पाणी चालू नसताना वाफ्यात उभी राहिली.

२६ मे, रविवार. ऊन. दुपारी त्रेचाळीस. फिट नाही.

मनकर्णाबाईनं आदल्या दिवशी काकड्या आणून टोपलीत ठेवल्या होत्या आणि करिश्माला फ्रिजमध्ये ठेव म्हणून सांगितलं होतं. करिश्मानं दोन काकड्या खाली ठेवायच्या त्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या आणि विसरली. रविवारी जेवताना सापडल्या. दगड झाल्या होत्या. तिनं त्या ताटात ठेवल्या. जेवण होईपर्यंत त्या मऊ पडल्या आणि सालीतून पाणी झिरपू लागलं. ताटात थारोळं झालं.

"बाबा, काकडीले घाम आला," करिश्मा म्हणाली.

शालिकरामनं काकडी उचलली. साल कुठं फाटलेली नव्हती. दाबली तर सगळीकडून पाणी आलं. चांगली काकडी दाबली तर येत नाही.

"गोठली ना थे," मनकर्णाबाई म्हणाली. "गोठून इतळली का साल पानी धरत नाई मंग. फेका आता."

त्यानं फेकली नाही. हात न धुता त्यानं वही काढली. आठ, अकरा आणि अठरा जानेवारीची पानं उघडली. 'बर्फ किशोरचा.' मग सहा, नऊ आणि तेरा मे. 'बर्फ बंडूचा, मिठाचा. पडदा कडक.' प्रत्येक पानाच्या तळाशी आकडा होता. तो बराच वेळ ती सहा पानं मागेपुढे करत बसला. काकडी ताटात झिरपत होती.

"काय झालं?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"काई नाई."

त्यापुढचे सात दिवस तो नेहमीसारखा कामावर जात राहिला आणि काही बोलला नाही. मला बरोबर न्यायचा, पण रिकामा. आकांक्षा फाइलची पानं जमवत होती. संध्याकाळी करिश्मा विचारायची, "उंदीर आले का?" तो म्हणायचा, "यून राहिले." त्या सात दिवसांच्या पानांवर हवा आहे, तापमान आहे, फिटची नोंद आहे. एकतीस मे : 'सकाळी, चार मिनिटे.' दुसरं काही नाही.

तीन जूनला, सोमवारी, त्यानं मला खिडकीत ठेवलं, वही टेबलावर ठेवली आणि आकांक्षा येईपर्यंत उभा राहिला. ती आल्यावर सहाही पानं तिच्यापुढे उघडी केली.

"मॅडम, मे महिन्याचे आकडे खोटे हायेत."

"काय?"

"मी पडदा गोठवून आणत होतो. कुल्फीचा बर्फ होता. सव्वीस तारखेले माह्या घरी काकडी गोठलेली निघाली, मंग तिच्यातून पानी गळलं. तसंच झालं असन. औषध पार गेलं नाई. पडदाच फुटला होता."

आकांक्षानं पानं वाचली. मग परत पहिल्यापासून वाचली. पंखा फिरत होता.

"तीनही वेळा?"

"तीनई वेळा."

"सव्वीस तारखेला कळलं तुम्हाला?"

"हो."

"आणि आज सांगताय."

"पोरीनं सरासरी काढली होती," शालिकराम म्हणाला. "बहात्तर."

तिनं स्वतःची वही काढून चाळली आणि ती म्हणाली, "मी थंड आणा म्हणाले होते. गोठू देऊ नका असं म्हणालेच नाही. माझ्या वहीत कुठंच नाही. पडदा शाबूत आहे का ते बघायचा रंग असतो. जानेवारीत तीनदा टाकला, तीनदा शाबूत निघाला, म्हणून मे महिन्यात टाकलाच नाही. मी टाकला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं."

तिनं वही मिटली. "आता दोन्ही करून बघू. गुरुवारी बंडूच्या बर्फातला पडदा आणा, आणि दुसरा साध्या बर्फातला. दोन्हीवर नुसतं औषध टाकू. माझे थेंब नकोत."

सहा जूनला मी दोन फेऱ्या केल्या. साध्या बर्फातल्या पडद्यातून नुसतं औषध १८.९ टक्के गेलं. बंडूच्या बर्फातल्या पडद्यातून ७०.३. लाल रंग टाकला तर तोही सरळ खाली उतरला. खालच्या कुपीतलं पाणी गुलाबी झालं.

शेखर सर आले. त्यांनी दोन्ही कुप्या उजेडाला धरल्या.

"शालिकराम, तुम्ही हे बोलला नसता तर इथं कोणाच्या लक्षात आलं नसतं."

"उंदरायच्या आलं असतं, सर."

सरांनी चष्मा काढून पुसला. आकांक्षा हसली आणि हसता हसता तिनं तोंड फिरवलं. मग सर म्हणाले की चौदा जूनची मुदत तीस जूनपर्यंत वाढवून घेतो, एप्रिलचंच मिश्रण ताज्या पडद्यावर तीनदा करा, रंग टाकून. पन्नास आले तर फाइल जाईल.

त्या संध्याकाळी शालिकरामनं करिश्माला सगळं सांगितलं. बंडूचा बर्फ, काकडी, गुलाबी पाणी. ती ऐकत होती की नाही ते मला सांगता येत नाही. शेवटी तिनं विचारलं, "मंग आता किती हाय?"

"आता काईच नाई. परत मोजाचं हाय."

"मी येऊ पाह्यले?"

मनकर्णाबाई नको म्हणाली. गाडीत काही झालं तर? शालिकराम म्हणाला, "गाडीत मी हावो ना." शेवटच्या मोजणीच्या दिवशी, २७ जूनला, ती आली. किशोरचा फ्रिज दुरुस्त झाला होता. माझ्यात त्याचा साधा बर्फ होता, डबीला फडकं गुंडाळलेलं होतं आणि डबीजवळ आकांक्षानं दिलेलं लहान थर्मामीटर होतं. बडनेऱ्याला उतरल्यावर त्यात चार अंश होते.

करिश्मा सहा तास स्टुलावर बसून होती. मधे दोनदा पेंगली. आकांक्षानं तिला यंत्र दाखवलं, कुपी दाखवली. खालचं पाणी स्वच्छ होतं. पडदा शाबूत होता.

"ताई, हा पडदा दिसत पन नाई."

"हो. आणि बघ किती धरून ठेवतो."

"माह्या नाकात असाच हाय?"

"असाच."

तिनं नाकाला बोट लावून पाहिलं. मग ती खिडकीपाशी आली. बर्फ काढून मला धुऊन उपडं ठेवलेलं होतं. तिनं मला सरळ केलं, बूच बाजूला ठेवलं, तोंड लावलं आणि स्वतःचं नाव घेतलं. हळू. पूर्वीपेक्षा आवाज जाड झाला होता. माझ्या पोकळीतून तो परत गेला. ती थोडा वेळ ऐकत उभी राहिली, मग तिनं माझं बूच लावून टाकलं.

मी आता घरी नसतो. मनकर्णाबाईनं सोड्यानं सात वेळा धुऊनही मला चहासाठी घेतलं नाही आणि करिश्मानं "राहू द्या तिकडेच" म्हटलं. मी प्रयोगशाळेच्या खिडकीतल्या फळीवर असतो. माझ्यावर चिकटपट्टी आहे, अक्षर आकांक्षाचं. 'पडदा. फक्त साधा बर्फ. दोन ते आठ अंश.' आतल्या काचेला एक केसाएवढी रेघ आहे, बंडूच्या बर्फाच्या वेळची. ती अजून आरपार गेलेली नाही. जाईल त्या दिवशी मी कामाचा राहणार नाही.

ज्यांच्या हातात माझ्यासारखी भांडी आहेत त्यांना एक विनंती आहे. आम्ही आतलं सांभाळतो, पण आत काय झालं ते सांगू शकत नाही. म्हणून आमच्यात काही ठेवाल तेव्हा तारीख लिहा, हवा लिहा आणि बर्फ कोणाचा, तेही लिहून ठेवा.

२० जून, गुरुवार. ढगाळ. बर्फ किशोरचा. ३४.२.

२४ जून, सोमवार. उकाडा. बर्फ किशोरचा. ३६.०.

२७ जून, गुरुवार. ढगाळ, वारा पश्चिमेचा. बर्फ किशोरचा. ३५.४.

सरासरी ३५.२ टक्के. हद्द ५०. फाइल पाठवली नाही. करिश्माच्या गोळ्या सकाळी एक, संध्याकाळी दीड. चालू.